दिल्लीकडे तोंड केलेला दरवाजा

वेळणेश्वरच्या जुन्या घरांना दरवाजापेक्षा बेड्याचे महत्त्व अधिक. जांभ्याच्या गडग्यात दोन उभे खांब, त्यांना पाडलेली भोके आणि त्यांतून आडवे सरकवलेले दोन-तीन बांबू. गुरे आत शिरू नयेत, एवढीच त्याची कामगिरी. माणसाला अडवण्याचा त्यात विचारच नव्हता. या किनाऱ्यावर संकट यायचे ते समुद्रातून, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या गलबतांवरून, आणि ते आले की बेडे लावून उपयोग नसे. पाखाडी चढून रानात जावे लागे. उत्तरेला अंजनवेल आणि दक्षिणेला जयगड अशा दोन खाड्यांच्या मुखांवरच्या किल्ल्यांमध्ये हे गाव वसलेले. किल्ले ज्याच्या हातात, त्याची सत्ता. गावाने आपला नारळ, सुपारी आणि वेळणेश्वराचे देऊळ सांभाळून राहायचे.

अशा बेड्यांमागे वाढलेली माणसे घाट चढून गेली आणि शे-दीडशे वर्षांत त्यांनी दगडी बुरुजांचे, खिळे ठोकलेले, माथ्यावर नगारखाना असलेले दरवाजे उभारले. अठराव्या शतकातल्या मराठी इतिहासाची ही एक बाजू फारशी कुणी पाहत नाही, कारण आपले लक्ष दरवाजातून बाहेर पडलेल्या फौजांकडे असते. पुण्यातल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मात्र स्वतःच एक ऐतिहासिक पात्र आहे. तो का बांधला, कुणाच्या परवानगीने बांधला, त्याने काय अडवले आणि काय अडवले नाही, हे क्रमाने पाहिले तर पेशवाईचा चढ-उतार त्याच्या उंबरठ्यावरून मोजता येतो.

वेळणेश्वरचा या दरवाजाशी संबंध आहे तो सोयरिकीचा. वाईच्या रास्ते घराण्याचे मूळ आडनाव गोखले आणि मूळ गाव वेळणेश्वर मानले जाते. हे गोखले देशावर गेले, तिथे रास्ते झाले, सावकारी आणि सरदारी दोन्ही त्यांनी केल्या. वाईचे भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिका १७३० मध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या थोरल्या मुलाला, बाळाजीला, म्हणजे पुढच्या नानासाहेबांना दिली. त्याच वर्षाच्या जानेवारीत, १० तारखेला, शनिवारी, पुण्यात मुठेकाठी बाजीरावांनी नव्या वाड्याचा, म्हणजेच शनिवारवाड्याचा, पाया घातला. सून घरात आली आणि घर उभे राहू लागले, हे एकाच वर्षात घडले.

पेशवे हेही मूळचे किनाऱ्यावरचेच. श्रीवर्धनच्या भटांना सिद्दीच्या जाचापायी गाव सोडावे लागले होते. बाळाजी विश्वनाथ शाहू महाराजांचे पेशवे झाले, पण त्यांचे बिऱ्हाड सासवडला होते. १७२० मध्ये ते तिथेच वारले. बाजीरावांनी पुणे निवडले. त्या वेळचे पुणे हे कसब्याभोवतीचे मध्यम गाव. राजधानी साताऱ्याला, छत्रपती साताऱ्याला, दरबार साताऱ्याला. त्यामुळे पुण्यात जे बांधले जात होते ते कागदोपत्री एका नोकराचे घर होते. हे लक्षात ठेवले नाही तर पुढची भानगड कळत नाही.

जुन्नरच्या जंगलातून सागवान आले, चिंचवडच्या खाणींतून दगड, जेजुरीच्या बाजूने चुना. शिवरामकृष्ण, देवजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट या कारागिरांची नावे टिकून राहिली आहेत. नक्षीकामासाठी जयपूरचा भोजराजा आणि चित्रांसाठी राघो यांचीही. आपल्याकडे इमारत बांधवून घेणाऱ्याचे नाव राहते, बांधणाऱ्याचे क्वचितच. इथे निदान सुतार आणि पाथरवट यांना विसरलेले नाही. दोन वर्षांत काम उरकून २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. मधल्या काळात बाजीरावांनी डभईला सेनापती दाभाड्यांशी लढाई केली (एप्रिल १७३१) आणि दरबारातला मोठा प्रतिस्पर्धी संपवला. वाड्याची भिंत आणि पेशव्यांचा दरारा एकाच वेळी वर चढत होते.

मात्र १७३२ चा हा वाडा आज आपण बाहेरून पाहतो तसा नव्हता. तट, नऊ बुरूज आणि मोठा दरवाजा ही कामे मागाहून, टप्प्याटप्प्याने झाली. इथे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट येते. बाजीरावांना दगडी कोट घालायचा होता. शाहू महाराजांकडून निरोप आला की दगडी कोट बांधण्याचा मान राजाचा, सेवकाने तो घेऊ नये. म्हणून तळाचा भाग दगडात आणि वरचा विटांत झाला. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. मुख्य दरवाजा उत्तरेला, दिल्लीच्या दिशेने तोंड करून बांधायचा बेत महाराजांना रुचला नाही. दिल्लीच्या पातशहाशी त्यांचे संबंध वेगळे होते. बालपण आणि तारुण्य मोगलांच्या छावणीत गेले होते, सनदा पातशहाकडून आल्या होत्या. आपल्या पेशव्याच्या घराने पातशाहीला डोळे वटारून दाखवावेत हे त्यांना उद्धटपणाचे वाटले. दरवाजाचे काम रखडले ते महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तल्यावरच मार्गी लागले, असे सांगतात.

या गोष्टी आख्यायिका म्हणूनच घ्याव्यात. पण मला त्या पटतात, कारण घराला कोट आणि दरवाजा घालणे ही इतरत्रही परवानगीची बाब होती. इंग्लंडमधल्या जमीनदारांना आपल्या हवेलीला किल्ल्यासारख्या चर्या काढायच्या झाल्या तर राजाचा परवाना लागे. एडमंड बेडिंगफील्ड या सरदाराने १४८२ मध्ये चौथ्या एडवर्डकडून असा परवाना मिळवला आणि नॉरफकमधल्या ऑक्सबरो येथे विटांचा भला उंच दरवाजा-मनोरा उभारला. त्याला बाहेरच्या अंगाला मोठमोठ्या खिडक्या आहेत. लढाईसाठी बांधणारा माणूस शत्रूच्या बाजूला खिडक्या ठेवत नाही. त्या काळच्या इंग्लंडात तोफा आल्या होत्या, अशा दरवाजांनी तोफ अडणार नव्हती. तरी ते बांधले गेले, कारण राजाने आपल्याला तेवढी मोकळीक दिली आहे हे शेजाऱ्यांना दिसायला हवे होते. एसेक्समध्ये लेअर मार्नी नावाच्या गावी तर याहून नवल आहे. हेन्री मार्नी या दरबारी माणसाने १५२० च्या सुमारास ऐंशी फूट उंचीचा दरवाजा आधी बांधायला घेतला. १५२३ मध्ये तो गेला, दोन वर्षांत मुलगाही गेला, आणि मागचा वाडा पुरा झालाच नाही. दरवाजा आहे, त्याला शोभेल असे घर नाही. शनिवारवाड्याच्या नशिबी पुढे काय आले ते माहीत असलेल्या माणसाला हा मनोरा परका वाटणार नाही.

शाहू महाराजांनंतर परवानगी देणारे उरले नाही. १७५० मध्ये सांगोल्याला झालेल्या ठरावाने कारभाराची सूत्रे पुरती पेशव्यांकडे आली, सातारा नावापुरता राहिला. नानासाहेबांच्या कारकिर्दीत तट आणि दरवाजे सिद्ध झाले. उत्तरेला दिल्ली दरवाजा आणि मस्तानी दरवाजा, पूर्वेला खिडकी दरवाजा आणि गणेश दरवाजा, दक्षिणेला जांभूळ दरवाजा. पाच दरवाजे, पण थाट फक्त पहिल्याचा.

आता या दरवाजासमोर थोडे थांबू. उंची एकवीस फूट, रुंदी चौदा फूट; अंबारीसह हत्ती सहज आत जावा असा हिशेब. दोन्ही अंगांना भक्कम बुरूज. सागवानी फळ्यांच्या दोन झडपा, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या, आणि प्रत्येक झडपेवर बहात्तर अणकुचीदार सुळे, नऊ गुणिले आठ असे ओळीने बसवलेले. एकेक सुळा सुमारे फूटभर लांब. हत्ती दाराला डोके लावून धडक देतो, तेव्हा त्याचे कपाळ जिथे येईल त्या उंचीवर हे सुळे आहेत. उजव्या झडपेत एक दिंडी आहे. रोजची ये-जा या दिंडीतून. एका वेळी एक माणूस, तोही वाकून. मोठे दार उघडायचे ते स्वारी निघताना किंवा परतताना.

आत शिरले की समोर वाडा दिसत नाही, भिंत दिसते. रस्ता लगेच उजवीकडे वळतो आणि मग डावीकडे. ही आपल्या दुर्गबांधणीतली जुनी युक्ती. रायगडाच्या महादरवाजापुढे बुरुजांनी असेच वळण घेतले आहे. तिथे दरवाजा नजरेला पडेपर्यंत शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेला असतो. सरळ वाट मिळाली की घोडदळ वेग पकडते. वळणावर वेग मोडतो, रांग तुटते, आणि देवड्यांमधल्या पहारेकऱ्यांना दुसरी संधी मिळते. दरवाजाखालच्या भिंतींवर गणपती आणि शेषशायी विष्णू यांच्या चित्रांच्या पुसट खुणा आहेत. पाहुण्याने आत येताना आधी देव पाहावा, मग पहारेकरी.

खाली असा सगळा बंदोबस्त आणि वर नगारखाना, म्हणजे खालच्या दगडाला विसरायला लावणारे हलके लाकडी काम. सुरूच्या घाटाचे खांब, महिरपी, चहूबाजूंनी मोकळी हवा. इथून नौबत झडे, चौघडा वाजे. शहराला वेळ कळे आणि धनी घरात आहेत हेही कळे. माझ्या मते या इमारतीचे खरे मर्म या जोडणीत आहे. खालचा मजला दूर राहा म्हणतो आणि वरचा मजला ऐका म्हणतो. नौबतीचा मान हा राजचिन्हांपैकी एक. दगडी कोटाबद्दल ज्या नोकराला हटकले गेले असे आपण मानतो, त्याच्या मुलाच्या दारावर आता राजासारखी नौबत वाजत होती.

युद्धाच्या दृष्टीने पाहिले तर हा दरवाजा कितपत उपयोगी होता? पेशवाईतल्या पुण्याभोवती पुरा शहरकोट नव्हता. उघड्या शहराच्या मधोमध एकच कोटबंद वाडा. १७६३ मध्ये निजामाच्या फौजा पुण्यावर आल्या तेव्हा लोकांना घरेदारे टाकून सिंहगडासारख्या किल्ल्यांकडे पळावे लागले, आणि पुणे लुटले, जाळले गेले. पेशवे तेव्हा शहरात नव्हते. ते फौजेसह निजामाच्या मुलखात शिरले होते. दारावरच्या सुळ्यांनी पुणेकरांचे एक भांडेही वाचवले नाही. याउलट अंजनवेलच्या किल्ल्याकडे पाहा. वासिष्ठीच्या मुखावर समुद्र सांभाळत बसलेला, जमिनीच्या अंगाला खंदक असलेला हा किल्ला मराठ्यांना कित्येक वर्षे दाद देत नव्हता. वाड्याची वास्तुशांत झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७३३ मध्ये, बाजीराव स्वतः सिद्दीवर चालून गेले. रायगड मिळाला, अंजनवेल मिळाली नाही. ती १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतली, नाव ठेवले गोपाळगड. आंग्र्यांचे आणि पेशव्यांचे बिनसल्यावर १७५६ मध्ये ती पेशव्यांकडे आली. तिथल्या दरवाजाला नगारखान्याचा डौल नाही. त्याला कुणाला काही दाखवायचे नव्हते.

दिल्ली दरवाजातून बाहेर पडलेल्या स्वाऱ्या मात्र खरोखर दूर गेल्या. नानासाहेबांच्या काळात मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. वाड्यात १७५८ च्या सुमारास हजारावर माणसे राहत होती. मग पानिपत. गोपिकाबाईंचा थोरला मुलगा विश्वासराव जानेवारी १७६१ मध्ये तिथे पडला, जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर गेले. दुसरा मुलगा माधवराव याने अकरा वर्षे राज्य सावरले आणि नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने देह ठेवला. उरला नारायणराव, सतरा-अठरा वर्षांचा. चुलता रघुनाथराव याच वाड्यात नजरकैदेत होता. नजरकैद हा शब्द सौम्य आहे. एका छताखाली पेशवेपद मिळालेला पुतण्या आणि ते हुकलेला चुलता राहत होते, मधे काही चौक आणि पहारे.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपतीचा उत्सव चालू. गारद्यांचा पगार थकला होता आणि त्यांच्यात काही शिजते आहे अशी कुणकुण नारायणरावांच्या कानी आली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत आधी जेवायला गेले. दुपारी सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग आदी गारद्यांचे जमादार आपली माणसे घेऊन, पगाराची ओरड करीत, पहाऱ्याला न जुमानता आत घुसले. आडवे आले ते कापले गेले. दरवाजे लावून घेतले गेले. बाहेरच्यांना अडवण्यासाठी घडवलेल्या या झडपा त्या दिवशी मदतीला येणाऱ्यांना अडवत होत्या. नारायणराव चुलत्याच्या दालनात धावले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. तिथेच त्यांच्यावर वार झाले. अर्ध्या तासाच्या आत अकरा माणसे मेली, त्यांत दोन कुणबिणी. एक गायही मारली गेली. जांभूळ दरवाजातून नारायणरावांचे प्रेत बाहेर नेले म्हणून त्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले.

गारदी हे पगारी शिपाई, वाड्याच्या पहाऱ्यावरचेच. त्यांच्यासाठी दिंडीत वाकण्याची, वळणावर अडखळण्याची गरज नव्हती. सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या. रघुनाथरावांच्या ‘धरावे’ या हुकुमातल्या ‘ध’चा ‘मा’ कुणी केला यावर आपल्याकडे नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले, ही नोंद पुरेशी आहे. इमारतीच्या बाजूने पाहता प्रश्न साधा होता. दरवाजा कितीही बळकट असला तरी पहाऱ्याचा पगार थकला की तो उघडाच. वेळणेश्वरकर गोखल्यांची लेक गोपिकाबाई त्या वेळी नाशिकजवळ गंगापूरला राहत होती. तिन्ही मुलगे तिच्या हयातीतच गेले. ती १७८८ पर्यंत जगली.

तिच्या माहेरच्यांनीही पुण्यात दरवाजे बांधले. आनंदराव रास्त्यांचा वाडा १७८० च्या आसपास उभा राहिला आणि त्याच्या भोवती वसलेली पेठ रास्ता पेठ झाली. सरदाराचा वाडा म्हटला की त्याला मोठी चौकट, देवड्या, दिंडी हवीच, हे आता ठरून गेले होते. ज्यासाठी थोरल्या पिढीला राजाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागले असे सांगतात, ते चिन्ह पन्नास वर्षांत प्रत्येक दौलतवंताच्या अंगणात पोचले. चिन्ह असे सर्वत्र झाले की त्याचा धाक कमी होतो, आणि नेमके तसेच झाले.

शेवट फार गाजावाजा न होता आला. ५ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांशी खडकीची लढाई झाली. मराठी फौजेचे नेतृत्व बापू गोखल्यांकडे होते. येरवड्याकडे पुन्हा तोफा सुरू झाल्या तेव्हा दुसरे बाजीराव रातोरात पुणे सोडून निघाले. १७ नोव्हेंबरला इंग्रजांच्या बाजूच्या बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले. सुळे जसेच्या तसे होते, बुरूज शाबूत होते, दार फोडावे लागले नाही. पुढच्या वर्षी गोपाळगड आणि जयगडही इंग्रजांकडे गेले.

इंग्रजांना या वाड्याचे करायचे काय, हा प्रश्नच होता. तुरुंग, दवाखाना, वेड्यांचे इस्पितळ, अशी त्याची विल्हेवाट लागत गेली. पेशवाईतच १७९१ पासून लहानमोठ्या आगींनी वरचे मजले खाल्ले होते. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसली. सागवानी खांब, छते, रंगमहाल, आरसेमहाल, भोजराजाची नक्षी आणि राघोची चित्रे, सगळे गेले. आतली वस्ती लाकडाची होती, ती जळाली. तट दगड-विटांचा, तो राहिला. नवल एवढेच की दिल्ली दरवाजावरचा लाकडी नगारखाना वाचला. बुरुजांच्या आणि कमानीच्या जाडीमुळे तो आतल्या जळिताच्या अंतरावर राहिला, हेच त्याचे कारण दिसते.

इंग्रजी हवेल्यांतही हेच घडलेले दिसते. मागचा वाडा वारसांअभावी, कर्जापायी किंवा आगीत जातो आणि पुढचा दरवाजा राहतो, कारण तो सर्वांत जाड, सर्वांत खर्चाने बांधलेला भाग असतो. लेअर मार्नीला घर झालेच नाही, पुण्यात घर होऊन गेले. दोन्हीकडे पाहणाऱ्याला आज उरलेल्या दरवाजावरून नसलेल्या घराचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज नेहमी मोठाच होतो. शनिवारवाडा सात मजली होता असे जे सांगितले जाते, त्यात या दरवाजाचा हात किती आणि वस्तुस्थितीचा किती, हे सांगणे कठीण आहे.

१९१९ मध्ये सरकारने वाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केला. तोवर आत इंग्रजी अंमलातली बांधकामे उभी होती. ती हलवून १९२३ पर्यंत जोती मोकळी केली गेली. आज हिरवळीतून फिरताना जी चौथऱ्यांची आणि हजारी कारंज्याची रेखाटणी दिसते ती त्या कामामुळे. पर्यटक दरवाजासमोर छायाचित्र काढतात, मग ‘काका, मला वाचवा’ हा नारायणरावांचा आवाज पौर्णिमेला येतो का, याची चौकशी करतात. भुताच्या गोष्टीने तिकिटे खपतात, पण दरवाजा वाचायचा राहून जातो.

तुम्ही पुण्याला गेलात तर दिंडीतून आत शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका. उजवीकडच्या वळणावर उभे राहून मागे वळून झडपांची जाडी आणि देवड्यांची जागा पाहा, मग जिना चढून नगारखान्यात जा आणि उत्तरेकडे तोंड करा. आणि वेळणेश्वरला देवदर्शनाला किंवा समुद्रावर आलात तर तासाभराच्या वाटेवर असलेला अंजनवेलचा गोपाळगड चुकवू नका. तिथे आत आता आंब्याची बाग आहे. ज्याला फक्त शत्रू अडवायचा होता, अशा दरवाजाची बांधणी कशी असते ते तिथे स्वच्छ दिसते.